तीन तुकड्यांची वायर

मुरबाड तालुक्यात, वैशाखऱ्याच्या पुढे, आमच्या गावात वादळात लाइट गेली की लवकर येत नाही. माझ्या आईला दमा आहे. वाफेच्या मशीनशिवाय तिची संध्याकाळ निभत नाही. म्हणून मी घरात इन्व्हर्टर बसवला आणि एक पत्र्याचा डबा भरून ठेवला. त्यात टॉर्च, मेणबत्त्या, काडेपेट्या, आईची औषधं. गावात अशी तयारी दुसऱ्या कुणाकडे नव्हती, आणि हे मी विसरू शकत नव्हतो.

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस वादळानं खांब आडवे केले. पत्रे उडाले, आंब्याची फांदी कुणाच्या तरी गुरांच्या बेड्यावर पडली. दुसऱ्या दिवशी शेजारीपाजारी फोन चार्ज करायला आले. बॅटरी आईसाठी राखून ठेवायची आहे, असं मी सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण ते गेल्यावर मी माझा फोन लावला आणि पंख्याखाली बसलो.

आमच्याकडे खांब पडले की कुणी वायरमनची वाट बघत बसत नाही. वायरमन एकटा आणि गावं पुष्कळ. घरटी एक माणूस निघतो, खड्डे खणतो, दोर लावून खांब उभे करतो, मग वायरमन येऊन वर चढतो. तिसऱ्या दिवशी गाव खांब उभे करायला निघालं, पण आमच्या घरातून कुणी गेलं नाही. मी मुरबाडला कामावर गेलो. रजा मिळाली असती, मी मागितली नाही.

संध्याकाळी परतलो तर गावभर दिवे लागलेले. आमच्याच घरात लाइट आलेली नव्हती, आणि इन्व्हर्टर शेवटच्या घटका मोजत होता.

मी अंगणात उभा राहून खांबाकडे बघत राहिलो. आमच्या घराकडे येणारी वायर मला सैल वाटू लागली. मग आठवलं, येताना पारावरचे दोघं मला बघून बोलायचे थांबले होते. त्यांच्यातल्या एकानं विचारलंही होतं, "काय, इन्व्हर्टर बरा हाय ना?" तेव्हा मी हसून पुढे गेलो होतो. आता त्या प्रश्नाचा अर्थ लागल्यासारखं झालं. मी खड्डा खणायला गेलो नाही, म्हणून यांनी वायरमनला सांगून खांबावरचा आमचा जोड सोडायला लावला. एकदा हे मनात बसलं आणि मी दुसरीकडे कुठं बघितलंच नाही.

आत आईची छाती वाजत होती. मशीन लावलं, तोंडावर मास्क धरला. इन्व्हर्टर टूं टूं करू लागला.

तेवढ्यात शेजारचा दारात आला. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. खांब उभे करण्यात तो पुढे होता. त्याच्या खांद्यावर वायरचं भेंडोळं होतं. म्हणाला, तुमच्याकडे लाइट नाही असं बायकोनं सांगितलं, माझ्या घरातून वायर टाकतो, काकीचं मशीन तरी चालेल.

मी त्याला आत ये म्हटलं नाही. आधी लाइट तोडायची आणि मग उपकार करायला यायचं, असंच मला वाटलं. तसं मी बोललोही. "आमचा जोड मुद्दाम सोडून ठेवलात ना? मी आलो नाही म्हणून?"

"तू आला नायस म्हणून राग हाय, खोटं नाय बोलत," तो म्हणाला. "पण काकीनं काय केलंय रे आमचं?"

इन्व्हर्टर बंद पडला. मशीनची घरघर थांबली आणि अंधारात फक्त आईचा श्वास ऐकू येऊ लागला. माझ्या बायकोनं मेणबत्तीसाठी डबा जमिनीवर उपडा केला. फडक्यात गुंडाळलेली एक जड वस्तू फरशीवर आपटली. तिनं काडी ओढली, फडकं सोडलं. आत पांढऱ्या चिनी मातीचा फ्यूज होता.

वादळ सुरू होताना मीच तो काढला होता, इन्व्हर्टर जळू नये म्हणून. हरवू नये म्हणून डब्यात तळाशी ठेवला होता. तेव्हापासून त्याच डब्यातून मी रोज औषध काढत होतो.

मी फ्यूज बोर्डात बसवला. लाइट आली, मशीन सुरू झालं. शेजारचा अजून उंबऱ्याबाहेरच उभा होता. त्याला काही दिसलं नसेल, चूक वायरमनचीच होती असं सांगून मोकळं व्हावं, हेच माझ्या मनात आलं. तोंड उघडणार, तेवढ्यात आईनं मास्क बाजूला केला.

"फ्यूज आमच्याच डब्यात व्हता रे," ती त्याला म्हणाली. पुढचं तिला बोलवेना.

"मंग बरं झालं. मला वाटलं, जोड बघायला मला खांबावर चढवतोयस आता," तो म्हणाला. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही. भेंडोळं दाराशी ठेवलं, लाइट परत गेली तर असू दे म्हणाला, आणि निघून गेला.

माफी मागायला मी लगेच त्याच्या मागे जायला हवं होतं. त्याऐवजी मी ती वायर उलगडून तपासत बसलो. ही ठेवण्यात त्याचा काय हेतू असेल, ती कुठं उघडी तर नाही, हेच मी शोधत होतो. वायर तीन निरनिराळ्या तुकड्यांची होती, एक तर पंपाची जुनी. सांध्यांवर नवी काळी टेप घट्ट गुंडाळलेली. एक टोक आईच्या मशीनजवळ ठेवलं, दुसरं खिडकीतून बाहेर सोडून मी ती अंगणातून ओढत नेली. त्याच्या ओटीवरच्या प्लगपर्यंत ती बरोबर पुरली, मोजूनच जोडलेली.

तो ओटीवरच बसला होता. मी टोक हातात धरून तिथंच उभा राहिलो.