डावीकडची धरलेली जागा

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर हातात लाल पेन असल्यासारखेच वाचले. सांगलीच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं — रात्री दार वाजलं तर आधी कडी तपासणारी बाई मी. तरी लिहिते आहे, कारण इरा आणि नील, तुम्ही कॅनडात बसून हे सदर न चुकता वाचता, आणि फोनवर तुमचा बाबा मला ही गोष्ट पुरी करूच देत नाही.

आपली पांढरी गाडी आठवते ना? पंचवीस वर्षांची, कार्बोरेटरवाली. आजोबांचं डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ती मी चालवायचे आणि ते डावीकडे बसायचे. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसा ते आपला निळ्या चौकड्यांचा रुमाल आधी सीटवर टाकायचे. "जागा धरली!" मग सावकाश चष्मा शोधायला घरात. गाडीत आम्ही दोघंच, जागा कोण पळवणार होतं? पण साताऱ्याला माझ्या बहिणीकडे निघालो की दर वेळी हेच.

ते गेले तेव्हा रुमाल सीटवरच होता. वर्षभर मी तो हलवला नाही. वर्षश्राद्ध झालं आणि मग धुतला, इस्त्री केली, कपाटात ठेवला. माझा व्यवस्थितपणा, दुसरं काय...

त्यानंतर गाडी बिघडली. सिग्नलला थांबलं की इंजिन आपोआप चढायचं, मग धापा टाकत उतरायचं, कधी बंदच पडायचं. सोमवारी आरटीओत पुन्हा पासिंग होतं. बाबाने बजावलं होतं, "आई, पास झाली नाही तर सरळ भंगारात." म्हणजे यापुढे साताऱ्याला जायचं ते दुसऱ्याच्या सवडीने. ते मला नको होतं.

माधवनगर रस्त्यावर बाहुबलीचं गॅरेज आहे. तो माझा जुना विद्यार्थी. कार्बोरेटर उघडून त्याने साफ केला, प्लग बदलले, बाहेरची हवा ओढणारी एक चिरलेली नळी शोधून तीही बदलली. इतकं पद्धतशीर काम की मला अभिमान वाटला. तरी इंजिनाच्या फेरे मोजणाऱ्या मीटरचा काटा आठशेवरून चौदाशेवर, आणि परत खाली.

"बाई, समदं बराबर हाय, आन् तरी नाचतीया."

"कारण असल्याशिवाय काही होत नाही, बाहुबली."

"व्हय, ह्येच म्हनून नववीत नापास केलं हुतं मला."

शनिवारी सकाळी शेवटचा प्रयत्न. मी त्याच्यासाठी बेसनाचे लाडू नेले. डबा बांधायला घाईत कपाटातून हाती लागला तो नेमका हाच रुमाल. गॅरेजमध्ये डबा सोडला, रुमाल सवयीने डाव्या सीटवर टाकला. बाहुबलीने एका हातात लाडू धरून किल्ली फिरवली.

काटा साडेआठशेवर गेला... आणि तिथेच थांबला.

"कशाला बी हात लावू नगासा," तो कुजबुजला. लाडू तोंडापाशी तसाच.

पाच मिनिटं झाली. मी हात पुसायला रुमाल उचलला — इंजिन नाचायला लागलं. परत ठेवला — शांत! मग मी वहीच काढली. पाच वेळा उचलला, पाच वेळा ठेवला. दर वेळी तेच. त्याचं गॅरेजचं फडकं ठेवून पाहिलं, माझा स्वतःचा रुमाल ठेवून पाहिला — इंजिन नाचतच राहिलं. शेवटी सगळे रुमाल बाजूला करून मी स्वतः त्या सीटवर बसले, तर गाडी चक्क बंद पडली.

"आवं बाई, उठा!" बाहुबली ओरडला. "जागा धरलीया सायबांनी!"

आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. माझं पाणी थोडा वेळ जास्त टिकलं, एवढंच.

सोमवारी बाहुबलीही सोबत आला. आरटीओचे साहेब डावं दार उघडून रुमालाकडे हात नेणार, तोच मी म्हणाले, "ती जागा धरलेली आहे हो. मागे बसाल का?"

"कोणी धरलीय?"

"आमच्या मिस्टरांनी."

"येतायत का लगेच?"

"तसं काही सांगून गेले नाहीत."

बाहुबलीला एकदम खोकला आला. साहेब मागे बसले. गाडी पास झाली.

घरी येऊन मी डायरीत वर्षश्राद्धानंतरची पानं पाहिली. मंगळवार: रुमाल धुतला. बुधवार: गाडी चौकात बंद पडली. सीटखाली एखादी सैल वायर असेल म्हणून बाहुबलीने पूर्ण सीट खोलून पाहिली. वायर नव्हतीच. वहीत 'निरीक्षण' नीट लिहिलं आहे, पण 'कारण' या रकान्यात आजही काही नाही. मुलांनी असा रकाना कोरा सोडला की मी मार्क कापायचे.

परवा साताऱ्याला जाऊन आले. वाटेत एकदाही बंद पडली नाही.

तर बाळांनो, दिवाळीला याल तेव्हा पुढच्या सीटवरून भांडू नका. दोघंही मागे बसायचं.