श्रावण मी मागून घेतला

माझ्या शहाणपणाची फजिती सांगतो, फक्त चहा हातात असताना हसू नका, सांडेल.

मी आणि सुनीता वेगळे झालो तेव्हा ओवी दहा वर्षांची. तिच्यावरून भांडण नको म्हणून समुपदेशक बाईंसमोर बसून करार केला. ओवी एरवी पनवेलला आईकडे, शनिवार-रविवार तळोज्याला माझ्याकडे. दिवाळी अर्धी-अर्धी. मला भीती एकच होती, पोरीला माझं घर लॉजसारखं वाटू नये. म्हणून मी डोकं चालवलं.

"अख्खा श्रावण माझा," म्हणालो. नागपंचमी, राखी, दहीहंडी, सगळं त्यातच. आठवणी माझ्या घरच्या होणार की नाही?

"घ्या की," सुनीता म्हणाली.

इतक्या लगेच? मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पहिल्याच दिवशी मी मन लावून दुधीची भाजी केली. ओवीने ताट सरकवलं. मग पडवळ केलं, ताट आणखी लांब गेलं. घेवड्याच्या दिवशी ती दप्तर भरून दारात उभी.

"बाबा, मी आईकडे जाते."

"अगं, श्रावण तिकडेही आहेच. तिकडे काय खाणार?"

"सुकट."

"श्रावणात?"

"तू सेकंड शिफ्टला गेलास की आई करायची. दरवर्षी."

"आणि वास?"

"तू यायच्या आत धूप घालायचो ना."

आता सांगा, कामावरून आल्या आल्या त्या धुपापुढे मी इतकी वर्षं भक्तिभावाने हात जोडले, त्याचं काय करायचं?

तडक सुनीताला फोन लावला. "मला फसवलंस?"

"फसवलं कुठे? तुमच्या घरी श्रावण कडक, म्हणून तुमच्यासमोर पाळायचे. तुमचं मन कशाला मोडा?"

"माझ्या घरी? अगं, तुझे बाबा पाळतात म्हणून मी पाळत होतो. कँटीनमध्ये ऑम्लेटसमोरून मान खाली घालून जायचो."

मग ती जी हसत सुटली, ती थांबेचना. "ओवीला म्हणावं थांब. सुकट घेऊन येते, तुम्हाला जमायची नाही."

आली. तिघं जेवलो. ओवीने दप्तर परत आत नेऊन ठेवलं.

करारावर सही करण्याआधी समुपदेशक बाईंनी विचारलं होतं, "एकमेकांना समजून घ्यायला अजून थोडा वेळ हवाय का?"

मी ऐटीत म्हणालो होतो, "मॅडम, आता समजून घ्यायचं काही उरलेलं नाही."