कॅडमियम, कॅल्शियम आणि हत्तीगवत

माती साफ व्हायला वर्षं लागतात. किस्से मात्र आमच्याकडे दर आठवड्याला उगवतात, तेही खत-पाणी न घालता!

मी परदेशात मातीचा अभ्यास करून घरी परतले, ते डोक्यात एकच खूळ घेऊन. विठ्ठलवाडीजवळ एका बंद पडलेल्या रंग-कारखान्यामागे दहा गुंठे जमीन आहे. कारखान्याच्या सांडपाण्याने पार खराब झालेली. तिथे हत्तीगवत लावायचं. ते मुळांनी मातीतले कॅडमियमसारखे घातक धातू ओढून घेतं. मग ते कापून, वाळवून बॉयलरसाठी इंधन करायचं आणि राख वेगळी साठवायची. जमीन स्वच्छ, वर इंधन! हे सांगताना माझ्या अंगावर आजही काटा येतो. ऐकणाऱ्याला जांभई येते.

जमिनीचे मालक बाळूशेठ, तिथलेच जुने शेतकरी. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काय गो पोरी, आमचा आजा गवत उपटून उपटून म्हातारा झाला, आन तू लावाला विमानानं आलीस?"

पण जमीन दिली. एक वर्ष. रिपोर्टात फरक दिसला तर पुढेही गवत, नाहीतर तिथे लग्नाचं लॉन!

*

परवानगीसाठी ठाण्याला एका ऑफिसात गेलेले. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला.

"हत्ती कुठून आणणार?"

"हत्ती नाही सर, हत्तीगवत. उंच वाढतं म्हणून तसं नाव."

"ते ठीक आहे. पण हत्तींची संख्या लिहावी लागेल ना!"

मी अर्धा तास समजावलं. शेवटी त्यांनीच पेन घेतलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'हत्ती : निरंक'. अर्ज लगेच मंजूर!

*

आजूबाजूच्या लोकांसाठी मी एक छोटं भाषण ठेवलं. "हे गवत जमिनीतले जड धातू शोषून घेतं!" टाळ्या पडल्या. मी खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला वजनकाटा घेऊन हजर. एक पातं वाकवून बघत म्हणाला, "मॅडम, इसमें ताँबा कितना निकलेगा?"

*

जमिनीबाहेर मी बोर्ड लावलेला : 'ऊर्जा पीक – एनर्जी क्रॉप'. आठवड्याभरात मॉर्निंग वॉकच्या चार काकू कात्र्या घेऊन गवतात! एनर्जी ज्यूस करायचा बेत.

मी ओरडत धावले, "काकू, टाका ते! त्यात कॅडमियम आहे!"

"कॅल्शियम?" एक काकू दुसरीला म्हणाली, "अगं, मग अजून घे. हाडांना चांगलं!"

चौघींच्या पिशव्या रिकाम्या करता करता मला घाम फुटला. त्याच दिवशी नवा बोर्ड लावला : 'हे गवत विषारी आहे. खाऊ नये.'

सकाळी त्याखाली खडूने लिहिलेलं, 'उपवासाला चालेल का?'

*

मातीचे नमुने गोळा करायला मला सावंत सर मदत करतात. वर्तकनगरला राहतात, शाळेत केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेत. एकदा नमुन्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसने निघाले. बस खच्चून भरलेली. शेजारच्याने विचारलं, "काय आहे हो यात?"

खोटं बोलणं सरांना जमत नाही. "विषारी माती आहे. पण पिशवी घट्ट बांधलेली आहे, आपण काळजी करू नये."

आजूबाजूच्या तीन सीट रिकाम्या! दुसऱ्या दिवशी सरांचा मला फोन : "अगं, आज नमुना नसला तरी एखादी रिकामी पिशवी मिळेल का?"

*

वर्ष संपलं. रिपोर्ट आला. कॅडमियम उतरलेलं, पण अगदी थोडं. मी रिपोर्ट घेऊन बाळूशेठकडे गेले. लॉनचा कॉन्ट्रॅक्टर आधीच दोनदा जागा मोजून गेलेला.

बाळूशेठनी कागद लांब धरून वाचला.

"किती उतरलं?"

"थोडंसंच. पण उतरलंय, शेठ!"

"हा उपाशीपोटीचा का जेवल्यावरचा?"

मी गोंधळले. "कापणीनंतरचा…"

"म्हंजी जेवल्यावरचा." त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं. "माजी शुगर पन वर्षात येवरीच उतरली."

मग त्यांनी माझ्यासमोरच कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला.

"नाय रं, ती जागा नाय देता येनार. पथ्यावर हाय ती!"