फटीचं माप

परळीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये प्लाझ्मा कटिंगचं नवंकोरं मशीन आलं, तेव्हा त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये टूल लायब्ररी, म्हणजे कापायच्या मापांची यादी, भरायला पुण्याहून एक माणूस आला होता. प्रत्येक जाडीच्या पत्र्याला वेग किती, करंट किती, ज्योत किती रुंदीचं लोखंड खाते, हे तो आधी कापून बघायचा, मगच आकडा भरायचा. मधूनमधून कीबोर्डवर बसलेली, औष्णिक केंद्रातून उडून आलेली कोळशाची राख हलकेच फुंकायचा.

दादाची आणि माझी तेव्हा वाटणीची बोलणी चालली होती. एकमेकांशी बोलायचो तेही या पाहुण्याच्या आडून.

त्यानं कापलेले दोन तुकडे पुन्हा जुळवले आणि दाराच्या उजेडात धरले. मधून उजेडाची बारीक रेघ दिसली.

"मंग ही फट कुनाच्या हिश्श्यात धरायची, सायेब?" दादानं विचारलं.

"कुणाच्याच नाही. तेवढं लोखंड जळून गेलं," तो म्हणाला. "कापलं की एवढं जाणारच. ते आधी धरलं नाही, तर दोन्ही तुकडे कमी भरतात."

आणि तो निवांत आकडा भरत बसला.

पुढं वाटणी झालीच. मशीन माझ्याकडं, जागा दादाकडं. पंचांनी अगदी काट्यावर तोलून दिलं, तरी दोघांनाही कमीच भरलं.