जिन्यातल्या चपला

लातूरला खोली केली ती लेकीला वेळेवर गरम भाकरी मिळावी म्हणून. नवरा तिकडं औशाच्या पुढं गावात, शेताजवळ, आणि मी इथं गॅस, मिक्सर, देव आणि बारावीची पोरगी घेऊन एका खोलीत. आमच्या गल्लीत अशा आयाच आया. भाकरी गरम मिळायची सोय झाली खरी, पण खाणारी ताटावर टिकेल तर ना.

सगळा घोळ त्या समोरच्या अभ्यासिकेचा. आमच्या खिडकीतून तिचा जिना दिसतो. पोरी जिन्यात चपला काढतात आणि वर जाऊन वाचत बसतात. कुठल्या खुळ्या डोक्यातून निघालं देव जाणे, पण ह्या पोरी एकमेकींचा अभ्यास चपलांवरून मोजायच्या. कुणाच्या सकाळी आधी आल्या, कुणाच्या संध्याकाळी उशिरापर्यंत राहिल्या, सगळं तोंडपाठ. क्लासात पहिली येणारी, आमच्याच जिल्ह्यातल्या मुरुडकडची एक पोरगी होती, तिच्या चपलांना लाल पट्टे. त्या जिन्यात दिसल्या की आमच्या बाईसाहेबांचा घास तोंडातच फिरायचा.

"तिच्या चपला अजून हायत, मम्मी. मी जाते."

"असू दे की. चपला काय पेपर लिहिणार हायत का?"

ऐकतंय कोण. अर्धी भाकर ताटात ठेवून ही जिना चढायची. मी खिडकीत उभी राहून तिला आणि त्या लाल पट्ट्यांना मिळून बोल लावायची. दिवाळीपर्यंत तिच्या हातातलं कडं कोपराकडं सरकायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही, नीट खाऊ घाला. मी काय दुसरं करायले होते?

आणि पोरी तरी काय बेरकी. भेटल्या की प्रत्येकीचं तेच, "माझं तर काहीच झालं न्हाई गं." टेस्टचे मार्क ग्रुपवर पडले की कळायचं, कुणाचं काय झालं न्हाई ते. नांदेडला माझी बहीण तिच्या पोराला घेऊन राहते. तिला फोन केला तर म्हणाली, "आमच्याकडं पण हेच. पोरगं मित्राला ताप आला तर खूश होतंय, आता बोल." मी फोन ठेवून दिला.

मग वेळ अमावस्या आली. त्या दिवशी आमच्याकडं घरात कुणी थांबत नाही. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची आणि सगळ्यांनी रानातच जेवायचं. पालेभाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, मडक्यातली ताकाची आंबील. लातूरच्या दुकानांना कुलपं लागतात. क्लासनंसुद्धा सुट्टी दिली होती; उघडी राहणार होती ती अभ्यासिका तेवढी. मला तिचा हा एक दिवस पाहिजे होता. बापाशेजारी बसून तिनं पोटभर खावं, दुसरं मागणं नव्हतं.

"कुणीच चाललं न्हाई, मम्मी. मी सगळ्यांना विचारलं."

"सुट्टी हाय ना?"

"म्हणून तर. सुट्टीतच पुढं जाता येतंय."

तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याला फोन करून सांगितलं, आम्ही येत नाही, तुमच्या लेकीला पांडवांपेक्षा मोठं काम लागलंय. तो एवढंच म्हणाला, "कोप मोठी केलती यंदा."

अमावस्येच्या सकाळी गल्ली चिडीचूप. लेक उठली ती थेट खिडकीत. जिना चपलांनी भरलेला, लाल पट्टेवाल्या सगळ्यात वर. "बघ, म्हणलं नव्हतं?" असं मला सुनावून चहाला तोंडसुद्धा न लावता गेली. मी पण रागारागानं भांडी आपटत बसले.

जरा वेळानं आली परत. दारातच उभी राहिली.

"मम्मी, वर कुणीच न्हाई."

"म्हणजे?"

"कुणीच न्हाई. पंखे बंद, खुर्च्या मोकळ्या. नुसत्या चपला हायत."

मी खाली जाऊन बघून आले. तुटक्या अंगठ्याच्या, टाच झिजलेल्या, टाकून द्यायच्या जुन्या चपला ओळीनं मांडून ठेवलेल्या. लाल पट्टेवाल्या तेवढ्या चांगल्या. त्या पोरीच्या आईला फोन लावला. म्हणाली, "आम्ही कालच आलो की मुरुडला. पोरगी बोरीखाली बसून बोरं खायलीय. तुम्ही न्हाई गेलात व्हय?" मी कपाळाला हात लावला. सगळ्या पोरी एकमेकींना फसवून, चपलांना अभ्यासाला बसवून, रानात हिंडायल्या होत्या. बसली होती ती आमचीच शहाणी.

मला हसावं की रडावं कळेना. पण दिवस अजून हातात होता. "चल," म्हटलं, "बदल कपडे. औशाची गाडी मिळंल." ती नाही म्हणाली नाही. केवढं बरं वाटलं मला. पिशवी उचलली, कुलूप घातलं, वळून बघते तर ही रस्त्याच्या पलीकडं. जिन्यात वाकून आपल्या रोजच्या चपला लाल पट्टेवाल्यांच्या शेजारी जोडून ठेवायलीय. पायात माझ्या घरातल्या स्लिपर.

"उचल त्या," मी ओरडले.

"मम्मी, पोरी संध्याकाळी आल्या आणि माझ्याच चपला दिसल्या न्हाईत तर?"

"मग न्हाई दिसल्या तर न्हाई! त्या स्वतः तरी कुठं हायत?"

"तुला न्हाई कळायचं."

गाडी चुकली असती, म्हणून तेवढ्यावर सोडलं. रस्ताभर मी पिशवी मांडीवर घेऊन तोंड फिरवून बसले.

रानात पोचलो तेव्हा माणसं जेवून सावलीला लवंडली होती. नवऱ्यानं आमची ताटं झाकून ठेवली होती. कोपीत ती त्याच्या मांडीला मांडी लावून बसली. भज्जी दोनदा घेतली. आंबील पिताना ओठावर पांढरी मिशी आली, त्याला बाप हसला, तीही हसली. माझा राग कुठल्या कुठं गेला. कितीतरी महिन्यांनी पोरगी खिडकीकडं न बघता जेवत होती. तिथं खिडकीच नव्हती. मी तिच्या ताटात आणखी एक उंडा ठेवला. तिनं तो मोडला, भज्जीत बुडवला, तोंडाजवळ नेला आणि थांबली.

"मम्मी, जिना झाडणाऱ्या मावशींनी माझ्या चपला हलवल्या तर नसतील ना?"

बाप माझ्याकडं बघायला लागला, कसल्या चपला म्हणून. घास तिनं परत ताटात ठेवला होता.