गोदूबाईंना वाचता न आलेली भुतं

खोपटच्या एसटी डेपोसमोर रत्नदीपचं फ्लेक्सचं दुकान आहे आणि त्याला लागून माझं झेरॉक्सचं. शेजारी म्हणून सांगतो, या माणसाला धंद्याची अक्कल नाही. गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना हा कॉम्प्युटरवर अक्षरांना शिंगं काढत बसतो. दोन वर्षं घालवून त्याने मराठीचा एक भुताळी फॉन्ट तयार केला. शिरोरेषेवरून काळं काहीतरी ओघळतंय, काना म्हणजे हाड, अनुस्वारात डोळा, उकाराला शेपूट. कोलशेतच्या टॉवरमधली मुलं ऑक्टोबरात भुतांची पार्टी करतात, त्यांनी तो उचलला. मग टी-शर्ट झाले, वाढदिवसांचे बॅनर झाले. रत्नदीप हवेत होता.

त्यात वर्तकनगरच्या वसाहतीतल्या मुलांनी नाटक बसवलं, 'पिंपळावरची मावशी'. बॅनर अर्थात रत्नदीपचा. त्याच्या आई गोदूबाई तिथेच राहतात. चार घरची धुणीभांडी करून, चाळिशीत, साक्षरतेच्या वर्गात त्या वाचायला शिकल्या. रत्नदीपचे वडील सखाराम पाट्या रंगवायचे. रंग वाळला की ते बायकोला रस्त्यापलीकडे उभं करायचे. तिला वाचता आली तरच पाटी गिऱ्हाइकाला जायची. वडील गेल्यावरही रत्नदीपने ही रीत पाळली. या फॉन्टची पाळी आली तेव्हा मात्र आईला दाखवायचं त्याने टाळलं. ते मला तेव्हाच खटकलं होतं.

वसाहतीच्या गेटवर बॅनर बांधायला मीही गेलो होतो. गोदूबाई भाजीची पिशवी घेऊन समोरून आल्या.

"आई, वाच ना," रत्नदीप म्हणाला.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. पदराने चष्मा पुसला. "डोळ्यावर ऊन येतंय रे. तूच सांग," म्हणाल्या आणि घरी गेल्या. आभाळ तर सकाळपासून भरून आलं होतं.

रत्नदीप तिथेच फुटपाथवर बसला. "वाचता येत नव्हतं तेव्हा ती बसस्टॉपवर असंच बोलायची," तो म्हणाला. "ऊन येतंय, कुठली बस आहे सांगा जरा. मी परत तिला तिथेच नेऊन बसवली यार."

मुलांना बॅनर आवडला होता. मी त्याला वेडा म्हटलं, तरी त्याने तो उतरवलाच. पुढचे तीन दिवस दुकानात एक काम घेतलं नाही. शिंगं गेली, हाडं गेली, अनुस्वारातले डोळे गेले. ते डोळे त्याचे सगळ्यात लाडके होते. पुसताना त्याचा चेहरा बघून मला भडभडून आलं. शेवटी ओघळ तेवढे राहिले, आणि शेपट्या.

नवा बॅनर बांधताना त्याने आईला बोलावलं नाही. त्या आपणहून आल्या, खाली मान घालून पुढे निघाल्या आणि थांबल्या. मोठ्याने वाचू लागल्या. नाव वाचलं. वार वाचला, वेळ वाचली. कोपऱ्यातली मुलांची बारीक नावंही एकेक करून वाचली. शेपटीपाशी हसल्या. रत्नदीप शिडीवर दोरी धरून तसाच उभा.

"झालं?" त्यांनी विचारलं. "आणि ज्याने हे लिहिलं त्याचं नाव कुठेय? मला ते वाचायचं होतं."