पाठमोरी

आज खिडकीच्या ग्रिलला रंग लावायला घेतला आणि टर्पेंटाइनच्या वासासरशी मी धसईच्या आमच्या पडवीत जाऊन पोचले.

तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि तिचा एकही फोटो घरात नव्हता. वर्षश्राद्धाला भिंतीवर तिची तसबीर हवी, म्हणून बाबांनी मुरबाडहून दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकाकांना बोलावलं. बाबा आठवून सांगत गेले, तसतसे काका नाक, कपाळ, डोळे काढत गेले. दोन दिवसांत चेहरा उभा राहिला. अगदी जिवंत, सुरेख. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "ही आमची नाय."

काका रागावले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "तुला कशी आठवते गो आई?"

"पुढं चाललेली," मी म्हणाले. "बाजाराला जाताना. मी मागं असायची."

त्यांनी चेहऱ्यावर पांढरा रंग फिरवला. तो वाळल्यावर हिरव्या लुगड्याचा एक उभा फटकारा मारला, वर अंबाड्याचा काळा ठिपका आणि टोपलीची तपकिरी रेघ. बस, एवढंच.

आता मी शाळेत चित्रकला शिकवते, हुबेहूब आणि अमूर्त यांतला फरक मुलांना समजावते. त्या दुपारी मला एवढंच दिसलं, की आई चालते आहे.

बाबा चित्राजवळ जाऊन उभे राहिले. 

"हाक मार गो," ते म्हणाले, "थांबंल ती."